इंग्लिश क्लबांच्या चाहत्यांची चिडवाचिडवी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधील क्लब फुटबॉल नव्याने पाहू लागलेल्या माणसाला खेळाचे नियम पंधरवड्यात उमगतात, पण तिथले चाहते एकमेकांना नेमके कशावरून डिवचतात हे उमगायला दोन-तीन हंगाम खर्ची पडतात. गुणतालिकेत पंधराव्या क्रमांकावर असलेल्या संघाचा चाहता पहिल्या क्रमांकाच्या संघाच्या चाहत्याला सुनावतो आणि तोही निरुत्तर होतो, हे दृश्य नवख्याला चक्रावून टाकते. त्यामागचा हिशेब पुढील उत्तरांत मांडला आहे. प्रस्तुत लेखक आर्सेनल या लंडनच्या क्लबचा चाहता आहे. वाचकांनी त्या बेताने तिखटमीठ कमी-जास्त करून घ्यावे.

‘फॉर्म’ म्हणजे काय आणि तो मोजतात कसा?

रूढ पद्धत शेवटच्या पाच सामन्यांची आहे. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत २० संघ असतात आणि प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक आणि पराभवाला शून्य असा हिशेब असतो. विजयाचे तीन गुण इंग्लंडमध्ये १९८१-८२ च्या हंगामापासून मिळू लागले, त्याआधी दोनच मिळत. शेवटच्या पाच सामन्यांत १५ पैकी किती गुण मिळवले, यावरून संघ ‘फॉर्मात’ आहे की नाही ते ठरते.

वादाला तोंड फुटते ते पाच या आकड्यावरून. पाचांत फॉर्म वाईट दिसत असेल तर चाहता आठांचा हिशेब मांडतो, आठांतही वाईट दिसला तर ‘नवीन वर्षापासून’ मोजू लागतो, आणि तरीही जमले नाही तर फक्त घरच्या मैदानावरचे सामने निवडतो. शिवाय कोणी केवळ लीगचे सामने धरतो, तर कोणी करंडकाचे आणि युरोपातलेही त्यात घालतो. त्यामुळे एकाच संध्याकाळी एकच संघ दोन माणसांच्या तोंडी तेजीत आणि मंदीत असू शकतो, आणि दोघेही खोटे बोलत नसतात.

फॉर्म खरोखर इतक्या झपाट्याने पालटतो का?

पालटतो, आणि त्याचे अलीकडचे उदाहरण इतके चपखल आहे की ते सविस्तर सांगण्याचा मोह आवरत नाही. मँचेस्टर सिटीने २०२३-२४ मध्ये लागोपाठ चौथ्यांदा लीग जिंकली होती. सलग चार विजेतेपदे त्यापूर्वी इंग्लंडमध्ये कोणालाच साधली नव्हती. पुढच्याच हंगामात, २०२४ च्या ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरअखेरपर्यंत, हाच संघ सर्व स्पर्धा मिळून १३ सामन्यांत केवळ एकदा जिंकला आणि नऊ वेळा हरला.

त्याच पडत्या काळात, १ डिसेंबर २०२४ रोजी, सिटीचा सामना अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलशी, त्यांच्या घरच्या मैदानावर, झाला. लिव्हरपूल २-० ने पुढे होते आणि शेवट जवळ येत होता. घरच्या प्रेक्षकांनी सिटीचे प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला यांना उद्देशून ‘उद्या सकाळी तुमची नोकरी जाणार’ असा घोष सुरू केला. ग्वार्डिओला यांनी प्रेक्षकांकडे वळून एका हाताची पाच आणि दुसऱ्या हाताचे एक बोट वर केले. सहा बोटे म्हणजे त्यांनी सिटीला मिळवून दिलेली सहा लीग विजेतेपदे. त्या दिवशीचा फॉर्म प्रेक्षकांच्या बाजूने होता आणि गेल्या आठ वर्षांची वही ग्वार्डिओला यांच्या. चाहत्यांच्या सगळ्या भांडणाचे सार त्या सहा बोटांत आहे.

त्या हंगामात लिव्हरपूलने विजेतेपद पटकावले. मग २०२५ ची शरद ऋतूची पाळी आली. सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत विजेते लिव्हरपूल सर्व स्पर्धांतील १२ सामन्यांपैकी नऊ हरले, त्यात सिटीकडून झालेला ०-३ असा पराभवही आला. वर्षभरापूर्वी सिटीच्या चाहत्यांना ऐकवलेले प्रत्येक वाक्य परत आले; फक्त नाव बदलले होते.

मग ज्याचा फॉर्म वाईट, तो चाहता गप्प का बसत नाही?

कारण त्याच्याकडे दुसरी वही असते. चालू हंगामाची गुणतालिका दर आठवड्याला बदलते, पण जिंकलेले करंडक कोणी काढून घेऊ शकत नाही. मँचेस्टर युनायटेडचे शेवटचे लीग विजेतेपद २०१२-१३ चे. त्यानंतर त्यांची उतरण लागली आणि २०२४-२५ मध्ये हा संघ पंधरावा आला. १९७४ साली खालच्या श्रेणीत गेल्यानंतरची ही त्यांची सर्वांत वाईट कामगिरी होती. तरीही त्यांचा चाहता ‘आमची वीस’ (लीग विजेतेपदे) म्हणून छाती पुढे काढतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

या वहीतली सर्वांत रंगतदार शर्यत युनायटेड आणि लिव्हरपूल यांची आहे. १९९० च्या दशकात लिव्हरपूलच्या खात्यावर १८ लीग विजेतेपदे होती आणि युनायटेडच्या खात्यावर त्याच्या निम्म्याच्या आसपास. तेव्हा अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलच्या चाहत्यांनी एक फलक झळकवला होता. त्यात युनायटेडचा फ्रेंच खेळाडू एरिक कँटोना आणि युनायटेड यांना फ्रेंच भाषेत निरोप देऊन ‘अठरा जिंकलीत की या परत’ असे बजावले होते. त्या क्षणी तो विनोद बिनतोड होता, कारण अठराचा आकडा युनायटेडपासून पिढीभर दूर दिसत होता. पण २००९ मध्ये युनायटेड अठरावर पोहोचले आणि १४ मे २०११ रोजी ब्लॅकबर्नच्या मैदानावर १-१ अशी बरोबरी साधून एकोणिसावर गेले. लिव्हरपूलला तो आकडा गाठायला बरीच वर्षे वाट पाहावी लागली. २७ एप्रिल २०२५ रोजी अ‍ॅनफिल्डवर टॉटनहॅमला ५-१ असे हरवून त्यांनी आपले विसावे विजेतेपद निश्चित केले आणि पारडी समान झाली.

लीगमध्ये बरोबरी झाली की लिव्हरपूलचा चाहता युरोपकडे वळतो, कारण तिथे त्याचे सहा करंडक आहेत आणि युनायटेडचे तीन. चेल्सीचा चाहता मध्येच तोंड घालून सांगतो की युरोपचा सर्वोच्च करंडक लंडनमध्ये प्रथम त्यांनीच आणला, २०१२ साली. या विषयावर आर्सेनलच्या चाहत्याने पाणी प्यायला उठून जावे, हे उत्तम.

मँचेस्टरमधील दोन क्लबांत एवढी खुन्नस का?

एकाच शहरात राहायचे, एकाच ठिकाणी नोकरी करायची आणि सोमवारी एकमेकांचे तोंड पाहायचे, हे मूळ कारण आहे. परगावच्या चाहत्याला टाळता येते. शेजाऱ्याला आणि मेहुण्याला टाळता येत नाही.

अनेक वर्षे ही चिडवाचिडवी एकतर्फी होती. सिटीने १९७६ चा लीग कप (लीगहून वेगळी, बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकला आणि त्यानंतर त्यांच्या हाती महत्त्वाचे काहीच लागले नाही. युनायटेडच्या चाहत्यांनी आपल्या ओल्ड ट्रॅफर्ड या मैदानाच्या स्ट्रेटफर्ड एंड या सज्जावर एक फलकच टांगला, ज्यावर सिटीची करंडकाविना गेलेली वर्षे मोजली जात आणि दरवर्षी आकडा एकाने पुढे सरके. या फलकावर एकही अपशब्द नव्हता. केवळ एक अंक होता, आणि तोही खरा. चिडवण्याच्या कलेचा इतका उत्तम नमुना मिळणे कठीण आहे.

सप्टेंबर २००८ मध्ये अबू धाबीच्या मालकांनी सिटी विकत घेतला आणि पैसा ओतला. पुढच्या वर्षी अ‍ॅलेक्स फर्ग्युसन या युनायटेडच्या प्रशिक्षकांनी सिटीला ‘गोंगाट करणारे शेजारी’ म्हटले. मग वर उल्लेखिलेला १४ मे २०११ हा दिवस उजाडला. दुपारी युनायटेडने ब्लॅकबर्नला एकोणिसावे विजेतेपद मिळवले, आणि काही तासांतच वेम्बलीवर याया टुरेच्या एकमेव गोलने स्टोकला हरवून सिटीने एफए कप ही दुसरी बाद पद्धतीची स्पर्धा जिंकली. फलकावरचा आकडा ३५ वर थांबला आणि फलक उतरवला गेला. शहराचा एक अर्धा भाग इतिहासातील सर्वांत मोठा विक्रम साजरा करत होता, पण दुसऱ्या अर्ध्या भागाला त्या दिवसाची आठवण फक्त फलकामुळे आहे.

पुढचा हंगाम तर त्याहून जिव्हारी लागणारा ठरला. १३ मे २०१२ रोजी, शेवटच्या दिवशी, दोन्ही संघ समान गुणांवर होते. युनायटेडने संडरलँडला १-० असे हरवले आणि त्यांचे खेळाडू मैदानावरच थांबून मँचेस्टरच्या बातमीची वाट पाहू लागले. तिकडे सिटी दहा खेळाडूंच्या क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध ९० मिनिटांनंतरही १-२ असे पिछाडीवर होते. भरपाई वेळेत झेकोने बरोबरी साधली आणि ९३ मिनिटे २० सेकंदांवर अग्वेरोने विजयी गोल केला. गुण ८९-८९ आणि विजेतेपद गोलफरकावर सिटीकडे. संडरलँडच्या ज्या प्रेक्षकांचा या शर्यतीशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांनी युनायटेडच्या खेळाडूंसमोर पाठ करून, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उड्या मारल्या. हा नाच ‘पोझनान’ या नावाने ओळखला जातो. सिटीच्या चाहत्यांनी तो २०१० मध्ये पोलंडच्या लेख पोझनान क्लबच्या पाठीराख्यांकडून उचलला होता.

आता सिटीकडे करंडकांची वाण नाही, म्हणून त्यांना चिडवण्याचे विषय बदलले आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रीमियर लीगने त्यांच्यावर आर्थिक नियमभंगाचे शंभराहून अधिक आरोप ठेवले; क्लबने ते नाकारले. प्रतिस्पर्ध्यांचे चाहते तेव्हापासून सिटीचा कोणताही विक्रम तोंडी लावण्यापुरत्या शंकेसह उच्चारतात.

१९७४ मध्ये डेनिस लॉ यांच्या गोलमुळे युनायटेड खालच्या श्रेणीत गेले, हे खरे आहे का?

नाही, पण सिटीच्या चाहत्याला हे पटवून देण्याच्या भानगडीत पडू नये. डेनिस लॉ हे युनायटेडचे दैवत. कारकिर्दीच्या अखेरीस ते सिटीकडून खेळत होते आणि २७ एप्रिल १९७४ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांनी टाचेने गोल केला. सिटी १-० ने जिंकले, युनायटेड खाली गेले. लॉ यांनी तो गोल साजरा केला नाही. वस्तुस्थिती अशी की त्याच दिवशी तळाच्या शर्यतीतले बर्मिंगहॅमही जिंकले होते, त्यामुळे लॉ यांचा गोल झाला नसता तरी युनायटेडची घसरण टळली नसती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, एवढेच. पण फांदी कावळ्यानेच मोडली असे सांगण्यात जी मजा आहे, ती खऱ्या हिशेबात नाही.

चाहते कधीकधी नुसते आकडे लिहितात. त्यांचा अर्थ कसा लावायचा?

काही निकाल इतके कोरले गेले आहेत की संघांची नावे लिहिण्याची गरज उरत नाही. ‘६-१’ म्हणजे ऑक्टोबर २०११ मध्ये सिटीने ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडचा केलेला पराभव. ‘७-०’ म्हणजे ५ मार्च २०२३ रोजी अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलने युनायटेडला दिलेला मार. ‘८-२’ म्हणजे ऑगस्ट २०११ मध्ये युनायटेडने आर्सेनलची उडवलेली दाणादाण, जिच्याबद्दल येथे अधिक काही लिहिले जाणार नाही. ‘९३:२०’ वर सांगून झाले आहे. ‘४९’ हा आर्सेनलच्या सलग अपराजित लीग सामन्यांचा आकडा आहे; २००३-०४ चा अख्खा हंगाम, म्हणजे २६ विजय आणि १२ बरोबरी, त्यातच येतो. ही मालिका ऑक्टोबर २००४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ०-२ अशी संपली आणि त्यानंतर खेळाडूंच्या बोगद्यात फर्ग्युसन यांच्या अंगावर पिझ्झा येऊन आदळला.

आर्सेनल आणि टॉटनहॅम यांच्यातील ‘सेंट टॉटरिंगहॅम डे’ हा काय प्रकार आहे?

हा आर्सेनलच्या चाहत्यांनी, टॉटनहॅम या उत्तर लंडनमधल्याच शेजाऱ्याला चिडवायला, स्वतःच निर्माण केलेला सण आहे. ज्या दिवशी उरलेले सगळे सामने जिंकूनही टॉटनहॅम आर्सेनलच्या वर जाऊ शकत नाही असे गणिताने सिद्ध होते, त्या दिवशी तो साजरा केला जातो. तिथी ठरलेली नसते. कधी तो मार्चमध्ये येतो, कधी मे महिन्यात हंगामाच्या शेवटच्या रविवारपर्यंत लांबतो आणि काही वर्षी येतच नाही. १९९५-९६ ते २०१५-१६ अशी सलग २१ वर्षे हा सण चुकला नाही.

त्यातली दोन वर्षे विशेष आहेत. ७ मे २००६ रोजी, शेवटच्या सामन्यापूर्वी, टॉटनहॅम चौथे होते आणि आर्सेनल त्यांच्या मागे. आदल्या रात्री हॉटेलात जेवल्यानंतर टॉटनहॅमच्या अनेक खेळाडूंची पोटे बिघडली. संशय लझानिया या इटालियन पदार्थावर गेला. वेस्ट हॅमविरुद्धचा तो सामना ते १-२ असा हरले, आणि आर्सेनलने हायबरी या जुन्या मैदानावरील आपल्या अखेरच्या सामन्यात विगनला ४-२ असे हरवून चौथे स्थान हिसकावले. पुढे तपासणीत दोष अन्नाचा नसून विषाणूचा निघाला, पण उत्तर लंडनमध्ये लझानिया हा शब्द आजही निरागस राहिलेला नाही. दुसरे वर्ष २०१६. लेस्टर आधीच विजेते ठरले होते आणि टॉटनहॅमला दुसरे स्थान टिकवायचे होते. आधीच खालच्या श्रेणीत गेलेल्या न्यूकॅसलकडून ते १-५ असे हरले आणि एका गुणाने तिसरे आले.

त्यानंतर सलग सहा हंगाम टॉटनहॅम वर राहिले, हे न्यायाच्या दृष्टीने नोंदवणे भाग आहे. आणखी एक गोष्ट नोंदवायला जड जाते, तरीही लिहितो. २०२४-२५ मध्ये टॉटनहॅमने लीगमधले २२ सामने गमावले आणि सतरावे स्थान मिळवले, म्हणजे खालच्या श्रेणीच्या अगदी उंबरठ्यावर. आर्सेनल दुसरे आले. पण २१ मे २०२५ रोजी बिलबाओमध्ये टॉटनहॅमने ब्रेनन जॉन्सनच्या गोलवर युरोपा लीग या युरोपातील दुय्यम स्पर्धेचा अंतिम सामना १-० असा जिंकला आणि १७ वर्षांनी करंडक घरी आणला. हरलेला संघ पंधरावे आलेले युनायटेड होता. आर्सेनल त्या वर्षी हात हलवत परतले होते. सतराव्या क्रमांकाने दुसऱ्या क्रमांकाला चिडवावे आणि दुसऱ्याने मान खाली घालावी, असा तो उन्हाळा होता.

आपलाच संघ हरावा असे चाहत्याला वाटू शकते का?

वाटू शकते, आणि याचा पुरावा १४ मे २०२४ च्या रात्री मिळाला. टॉटनहॅमच्या घरच्या मैदानावर मँचेस्टर सिटी खेळत होते. सिटी अडखळले असते तर विजेतेपदाची चावी आर्सेनलच्या हाती गेली असती. टॉटनहॅमला मात्र जिंकल्यास चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपच्या सर्वोच्च करंडकाच्या स्पर्धेची, आशा होती. तरीही घरच्या प्रेक्षकांपैकी अनेकांना आपला पराभव हवा होता. सिटीचा गोल झाल्यावर त्यांतल्या काहींनी चक्क पोझनान नाच केला. शेवटच्या मिनिटांत सोन ह्युंग-मिन एकटा गोलरक्षकासमोर आला आणि सिटीच्या ऑर्टेगाने त्याचा फटका अडवला, तेव्हा सुटकेचा निःश्वास पाहुण्यांच्या सज्जापुरता मर्यादित नव्हता. सिटी २-० ने जिंकले. प्रशिक्षक अँजे पोस्टेकोग्लू या वातावरणावर उघडपणे चिडले. त्यांचा संताप व्यावसायिक माणसाचा होता आणि योग्यच होता. पण आपल्या म्हशीचे दूध आटले तरी चालेल, शेजाऱ्याची व्यायला नको, ही भावना त्यांना कोणी समजावून सांगितली नव्हती असे दिसते.

‘बॉटल केले’ म्हणजे काय?

हातातोंडाशी आलेला घास दडपणाखाली गमावणे. आर्सेनल २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ असे सलग तीन हंगाम दुसरे आले, त्यामुळे हा शब्द त्यांच्या दारावर चिकटवला गेला. या शब्दाचा वापर मात्र सरसकट होतो. २०२३-२४ मध्ये आर्सेनलने ८९ गुण मिळवले आणि सिटीने ९१. २०१२ मध्ये सिटी ८९ गुणांवरच विजेते झाले होते. ८९ गुण मिळवणाऱ्याने घास गमावला म्हणणे हे अज्ञान आहे, असे प्रस्तुत लेखकाचे शांतपणे मांडलेले मत आहे.

लिव्हरपूलच्या बाबतीत हा शब्द एका क्षणाशी जोडला गेला आहे. २७ एप्रिल २०१४ रोजी अ‍ॅनफिल्डवर कर्णधार स्टीव्हन जेरार्डचा पाय घसरला, चेल्सीच्या डेम्बा बा याने चेंडू पळवून गोल केला, चेल्सी २-० ने जिंकले आणि विजेतेपद अखेर सिटीकडे गेले. बरोबर ११ वर्षांनी, त्याच तारखेला आणि त्याच मैदानावर, लिव्हरपूलने विसावे विजेतेपद मिळवले. डेनिस लॉ यांच्या टाचेची तारीखही हीच होती, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच.

इतर शहरांत असे काही आहे का?

लिव्हरपूल आणि एव्हर्टन यांचे चाहते कित्येकदा एकाच घरात असतात, त्यामुळे तिथे बोलणी घरातल्यासारखी लागतात: कमी शब्दांत आणि खोलवर. एव्हर्टनची वही १९९५ च्या एफए कपपाशी थांबली आहे, आणि त्याची आठवण त्यांना जेवताना करून दिली जाते.

ईशान्येकडील न्यूकॅसल आणि संडरलँड यांचे वैर अधिक खारट आहे. २०१३ ते २०१५ दरम्यान संडरलँडने न्यूकॅसलला सलग सहा वेळा हरवले. ११ मे २०१६ रोजी संडरलँडने एव्हर्टनचा ३-० असा पराभव करून स्वतःला वाचवले आणि त्याच निकालाने न्यूकॅसल खालच्या श्रेणीत ढकलले गेले. यापेक्षा गोड रात्र कल्पनेतही येणार नाही. पण वर्षभराने न्यूकॅसल वर आले आणि संडरलँड खाली गेले, त्यापुढच्या वर्षी आणखी एक पायरी खाली. २०२५ च्या मार्चमध्ये न्यूकॅसलने लिव्हरपूलला हरवून लीग कप जिंकला, हा त्यांचा १९५५ नंतरचा पहिला देशांतर्गत करंडक; आणि त्याच मे महिन्यात संडरलँड प्रीमियर लीगमध्ये परतले.

मैदानावरचे घोष कसे असतात?

छोटे आणि प्रसंगावर नेम धरलेले. समोरचा संघ तीन गोलांनी मागे पडला की ‘दर आठवड्याला तुमच्याशीच खेळू द्या’ अशी विनंती केली जाते. प्रेक्षक लवकर उठून जाऊ लागले की ‘आगीची घंटा झाली का?’ अशी आस्थेने चौकशी होते. घरचे मैदान शांत असेल तर ‘हे वाचनालय आहे का?’ असे विचारतात. सर्वांत चांगले घोष ते, जे हरणारा संघ स्वतःवरच करतो. पाच गोल खाल्ल्यावर पाहुण्या प्रेक्षकांनी ‘आता आम्ही सहा मारणार’ असे सुरात सांगितले की विजेत्यांचा निम्मा आनंद हिरावला जातो.

मर्यादा कुठे ओलांडली जाते?

मृत्यूपाशी. ६ फेब्रुवारी १९५८ च्या म्युनिक विमान अपघातात युनायटेडचे आठ खेळाडू धरून २३ जण गेले. १५ एप्रिल १९८९ च्या हिल्सबरो येथील चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचा बळी गेला. या घटनांवरून घोष देणारे महाभाग आजही आढळतात. २०२३-२४ च्या हंगामापासून इंग्लंडमध्ये त्याविरुद्ध कडक धोरण अवलंबले गेले. अशा माणसावर मैदानबंदी येऊ शकते आणि खटलाही भरला जाऊ शकतो. यात कोणती बाजू अधिक दोषी, ही चर्चाच मुळात करू नये.

महाराष्ट्राचा या सगळ्याशी काही प्रत्यक्ष संबंध आहे का?

आहे, आणि तो फारसा सुखाचा नाही. पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. हा साधासुधा क्लब नव्हे. १९९४-९५ मध्ये त्याने प्रीमियर लीग जिंकली होती. १४ मे २०११ रोजी युनायटेडने ज्या मैदानावर एकोणिसावे विजेतेपद मिळवले, ते मैदान तेव्हा पुणेकरांच्या मालकीचे होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी बोलून दाखवत नाही. वर्षभरात चाहते मालकांवर संतापले. मालकांचा व्यवसाय कोंबड्यांचा असल्याने प्रतिस्पर्ध्यांच्या विनोदांना खाद्य आयतेच मिळाले. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्ध ब्लॅकबर्न ०-१ असे हरून खाली गेले, त्या सामन्यात एका प्रेक्षकाने क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ती पकडायला मैदानात धावपळ उडाली.

दुसरा धागा मुंबईचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा मुंबईतल्या युनायटेडच्या चाहत्यांची पंचाईत झाली: गावच्या संघाला टाळ्या वाजवायच्या तर पैसा, २०२५ अखेरपर्यंत तरी, शत्रूच्या खिशातला.

कोल्हापूरकरांना मात्र यातले काहीच शिकवावे लागत नाही. पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठेपेठेत जे बोलले जाते, ते मँचेस्टरच्या माणसाला भाषा न कळताही समजेल.

‘तुम्ही जिंकणारा क्लब पाहून निवडलात’ या आरोपाला काय उत्तर द्यावे?

खरे असेल तर कबूल करावे. साताऱ्यात किंवा नाशिकमध्ये जन्मलेल्या माणसाला इंग्लंडमधील क्लब वारशाने मिळत नाही. घरी केबल आली तेव्हा जो जिंकत होता, तोच सहसा आपला होतो. त्यामुळे क्लबावरून वयाचा अंदाज बांधता येतो. चाळिशी ओलांडलेला बहुधा युनायटेडचा निघतो, त्याच्या मागचा आर्सेनलचा किंवा चेल्सीचा, आणि महाविद्यालयात जाणारा सिटीचा. खरी परीक्षा निवडीची नसतेच. तो क्लब पंधरावा आला त्या वर्षी तुम्ही किती सामने पाहिले, याची असते.

पंचांवर खापर फोडणे चालते का?

सर्रास चालते. नाचता येईना अंगण वाकडे. व्हिडिओ पंच २०१९-२० मध्ये प्रीमियर लीगमध्ये आले, तेव्हापासून अंगण वाकडे असल्याचा पुरावा संथगतीने पाहता येतो, एवढाच फरक पडला.

सामने आपल्याकडे रात्री उशिरा संपतात. चिडवणारा संदेश कधी पाठवावा?

आधी वेळेचा घोळ समजून घ्यावा. इंग्लंडमधील शनिवारचा दुपारी तीनचा सामना आपल्याकडे हिवाळ्यात रात्री ८.३० ला आणि तिथली घड्याळे मार्चअखेर पुढे सरकली की ७.३० ला सुरू होतो. गंमत अशी की ब्रिटनमध्ये शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत सामन्यांच्या थेट प्रक्षेपणावर बंदी आहे, जेणेकरून लोकांनी घरी न बसता मैदानावर जावे. त्यामुळे स्टेडियमपासून मैलभर राहणाऱ्या चाहत्याला जे दूरचित्रवाणीवर दिसत नाही, ते पुण्यातला माणूस सोफ्यावर बसून पाहतो आणि त्याला आधी कळवतो. आठवड्याच्या मधले सामने मात्र हिवाळ्यात रात्री १.३० ला सुरू होऊन साडेतीनच्या सुमारास संपतात.

शेवटची शिट्टी वाजताच संदेश पाठवू नये, कारण हरलेल्याने तोवर फोन बंद करून ठेवलेला असतो. सकाळी चहाच्या वेळेला, शब्द न वापरता पाठवलेला संदेश अधिक लागतो. ५ मार्च २०२३ चा ‘७-०’ रविवारी रात्री आपल्याकडच्या बाराच्या सुमारास संपला, आणि दुसऱ्या दिवशी होळी होती. आर्सेनलचा त्या सामन्याशी काही संबंध नव्हता, तरीही प्रस्तुत लेखकाने दुपारी ताटात सात पुरणपोळ्या एकावर एक रचल्या, वर तुपाची धार सोडली आणि छायाचित्र युनायटेडच्या एका जुन्या मित्राला पाठवले. दोन मिनिटांत त्याचे उत्तर आले, ‘आठवी कुठे आहे?’